शंभर दाणे आणि तिसरा लेमा

ज्या दुपारी माझी पीएच.डी. गेली, त्या दुपारी हॉलमध्ये नव्वदेक माणसं होती आणि त्यातल्या एकालाही ती गेल्याचं कळलं नव्हतं. मला कळलं होतं. सकाळी सव्वानऊला, बोरीहून जिंतूरकडे जाणाऱ्या एसटीत, मांडीवर पाहुण्यांसाठीचा हार घेऊन बसलेलो असताना.

आधी माझी जात सांगतो. मी तासिका तत्त्वावरचा मास्तर. तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवतो. तासिका तत्त्वावरचा म्हणजे जो दर जूनमध्ये नवा असतो तो. मी अकरा वेळा नवा झालोय. पूर्णवेळ जागेची जाहिरात कधीमधी निघते, पण पीएच.डी. नसेल तर मुलाखतीचं बोलावणंही येत नाही. म्हणून नऊ वर्षांपूर्वी मी परभणीच्या एका सरांकडे नाव नोंदवलं. विषय संच सिद्धांत. या विषयाचा गाईड आमच्या भागात दुसरा नाही, आणि खरं सांगायचं तर विद्यार्थीही नाही. सरांकडे माझ्याआधी सहा जण येऊन गेले. एक पोलिसात लागला, एकानं बियाण्याचं दुकान टाकलं, बाकीचे फोन उचलत नाहीत. मी उरलो तो चिकाटीमुळे असं सर सगळ्यांना सांगतात. मला दुसरं काही जमत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तर सर त्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध जमा झाला तर झाला, नाहीतर नवा गाईड शोधा आणि पहिल्यापासून सुरू करा, असा नियम. जमा करायला एक फॉर्म लागतो. त्यावर तीन सह्या. सरांची झाली होती, प्राचार्यांची झाली होती. तिसरी सही बाहेरच्या तज्ज्ञाची, आणि ती कधी? तर तुम्ही त्यांच्यासमोर, जाहीरपणे, आपलं काम मांडल्यावर. म्हणून निवृत्तीला पाच दिवस उरलेले असताना आम्ही कॉलेजात संच सिद्धांत आणि गणितीय तर्कशास्त्र या विषयावर व्याख्यानांची एक दुपार ठेवली होती. आधी पाहुण्या मॅडमचं व्याख्यान, मग माझं, मग सही, मग चहा.

आता माझं काम. ते समजायला गणित लागत नाही, पोती लागतात. समजा, तुमच्यासमोर धान्याची चार पोती आहेत आणि प्रत्येकातून एकेक दाणा काढायचाय. चारदा हात घाला, झालं. पण पोती न संपणारी असतील तर? आयुष्यभर हात घातला तरी पुरत नाही. मग कोणत्या पोत्यातून कोणता दाणा, हे ठरवणारा एखादा नियम सांगावा लागतो. नियम नसेल, तर 'घेतला एकेक' असं म्हणायची निदान परवानगी काढावी लागते. त्या परवानगीला निवडीचं गृहीतक म्हणतात. बहुतेक गणिती ती खुशाल काढतात. एक जुनं प्रमेय आहे, परवानगी काढली की ते पुस्तकात अर्ध्या पानात सिद्ध होतं. मी ते परवानगी न काढता सिद्ध केलं होतं. चौसष्ट पानं. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेच, आणि नवीन म्हणावं असं त्यात तेवढंच. आधीची चार प्रकरणं म्हणजे लग्नाच्या आधीचा बँड.

त्या दिवशी सकाळी बायको ओसरीवर सोयाबीन तपासायला बसली होती. घरचं बियाणं पेरायचं असलं की आमच्याकडे आधी उगवण बघतात. प्रत्येक पोत्यातून मूठमूठ काढायची, एकत्र करायची, त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले तर बी चांगलं. कमी आले तर पेरताना जास्त टाकायचं. माझी बस यायला वेळ होता म्हणून मी म्हणालो, "सरक, मी मांडतो."

चार ओळी मांडल्या असतील. ती बघत होती.

"अहो, काय करायलाव?"

"मांडायलोय की."

"निवडून निवडून टपोरे टाकायलाव. असं केल्यावर शंभरातले शंभर उगवतील आन् रानात निम्मे बी येणार न्हाईत."

"मी कुठं निवडतोय? हाताला येईल तो टाकतोय."

तिनं माझ्या हाताखालून दोन दाणे उचलले. मी बाजूला सारलेले. एक सुरकुतलेला, एक डाळ झालेला. "मग हे कामून बाजूला पडले? तुमाला कळंना बी गेलंय तुमी निवडायलाव ते. उठा, बस हुकंल."

मी उठलो. जरा रागातच उठलो. पीएच.डी. व्हायला आलेल्या माणसाला निवड म्हणजे काय ते सांगते, असं मनात म्हणत हार घेतला, लॅपटॉप घेतला, फाट्यावर आलो, बसमध्ये जागा मिळाली. खिडकीतून गरम वारा येत होता आणि हार सुकू नये म्हणून मी त्यावर रुमाल धरला होता. मनाशी व्याख्यानाची उजळणी चालली होती. पहिला लेमा. दुसरा लेमा. लेमा म्हणजे मोठ्या प्रमेयाकडे जाणारी छोटी पायरी. तिसरा लेमा, स्लाईड सतरा: 'आता या प्रत्येक संचातला एक घटक घ्या.'

कोणता?

मला आधी वाटलं, बायकोचा आवाज कानात राहिलाय. मग मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. प्रत्येक संचातला एक घटक घ्या. संच न संपणारे. नियम सांगितलेला नाही. चौसष्ट पानांत जी परवानगी काढणार नाही असं मी सहा वेळा ठणकावून लिहिलं होतं, ती मी सतराव्या स्लाईडवर, मलाही न सांगता, काढून बसलो होतो. आणि तिसरा लेमा गेला की पुढचे सगळे लेमे जातात, ते त्याच्याच डोक्यावर उभे.

मी रुमाल काढला, हार शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर दिला आणि निमंत्रणपत्रिकांच्या पाठीवर दुरुस्ती सुरू केली. प्रत्येक संचातला सर्वांत लहान घटक घेऊ. पण लहान-मोठं ठरवायला आधी संचातल्या घटकांना ओळीत उभं करावं लागतं, आणि प्रत्येक संचासाठी अशी एक ओळ निवडायची म्हणजे पुन्हा निवडच. दुसरी पत्रिका. तिसरी. प्रत्येक दुरुस्ती पुढच्या दाराने हाकललेली परवानगी मागच्या दाराने आत आणत होती. जिंतूर आलं तेव्हा सात पत्रिका खराब झाल्या होत्या आणि म्हातारा हार घेऊन एक थांबा आधीच उतरून गेला होता. मला वाटतं, त्याला तो दिला असं वाटलं असणार.

कार्यक्रम दोनला होता. दहा ते दोन या चार तासांत माणूस काय काय करू शकतो? खरं म्हणजे एक साधी गोष्ट करू शकतो, फोन उचलून गाईडला सांगू शकतो. ते सोडून मी बाकी सगळं केलं. नवा हार आणला. कूलरमध्ये पाणी भरलं. बॅनर लावला. बॅनरवर माझ्या व्याख्यानाचं नाव होतं आणि त्यात 'निवडीचे गृहीतक टाळून' हे शब्द लाल रंगात, बाकीच्यांपेक्षा मोठे. ते मीच सांगून मोठे करून घेतले होते. मी बॅनर अशा उंचीवर बांधायला लागलो की ते शब्द फळ्यामागे जावेत. आमचे शिपाई मामा म्हणाले, "सर, तुमचंच नाव झाकायलंय की," आणि त्यांनी तो दोन हात वर बांधला.

मग मला विजेची आठवण झाली. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी अडीचला वीज जाते, हे घड्याळाइतकं पक्कं. माझं व्याख्यान अडीचलाच. प्रोजेक्टर बंद, तर स्लाईड सतरा बंद. मी मामांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, आज लाईट जाईल ना?"

"बिनघोर राहा सर," मामा म्हणाले. "साहेबांनी मुद्दाम जनरेटर आणून ठेवलंय. तुमचा कार्यक्रम बंद पडू देत न्हाई."

माणसं आपल्यावर इतकी माया करतात की पळायला जागा राहत नाही.

श्रोत्यांची सोयसुद्धा प्राचार्यांनीच लावली होती. पूर्वी एकदा मानवतला मला कुणीतरी व्याख्यानाला बोलावलं होतं आणि ऐकायला एकही माणूस आला नव्हता. चहा झालेला होता म्हणून आयोजकांनी मला बोलायला लावलं, आणि मी चाळीस मिनिटं आयोजक आणि चहावाला यांना न संपणाऱ्या संचांचे प्रकार समजावून सांगितले. चहावाल्यानं एक प्रश्नही विचारला, कप किती लागतील असा. ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये फार वेळा सांगून बसलो होतो. त्यामुळे प्राचार्यांनी नोटीस लावली: परीक्षेची हॉल तिकिटं व्याख्यानानंतर सभागृहातच मिळतील. दीड वाजताच हॉल भरला.

सर परभणीहून आले. पांढरा सदरा, रेक्झिनची बॅग, बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत तो फॉर्म. येताना त्यांनी कुठंतरी सत्कारात मिळालेल्या दोन शाली आणल्या होत्या. "एक मॅडमला दे," म्हणाले, आणि जरा थांबून, "दुसरी तुझ्यासाठी हाय. संध्याकाळी." मी त्यांच्याकडे बघितलं नाही. निवृत्तीच्या आधी एक तरी विद्यार्थी पूर्ण व्हावा, एवढी एकच गोष्ट या माणसानं कधी तोंडानं मागितली नव्हती, आणि म्हणून ती मला रोज ऐकू यायची.

पाहुण्या मॅडम बाहेरगावच्या विद्यापीठातल्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, सकाळपासून प्रवास करून आलेल्या. ओला रुमाल मानेवर ठेवून त्या वीसेक मिनिटं बोलल्या, तर्कशास्त्रावर, फार छान. ज्या ज्या वाक्याला 'उघडच आहे' असं लिहिलेलं असतं तिथंच थांबा, म्हणाल्या, चोर तिथंच बसलेला असतो. पोरं हसली. मी माझ्या लॅपटॉपवर मोजलं. माझ्या स्लाईडमध्ये 'उघडच आहे' पाच वेळा होतं. मी टाळ्यांच्या आवाजात तीन काढून टाकले.

अडीच वाजले. वीज गेली नाही. डोळासुद्धा मिचकावला नाही तिनं.

मग मी शेवटचा डाव टाकला, वेळ काढायचा. प्रस्तावना पाच मिनिटांची होती, ती पंचवीस मिनिटं केली. संच म्हणजे काय. रिकामा संच म्हणजे काय. परभणी जिल्ह्यातल्या तालुक्यांचा संच. मागच्या बाकावरून कुणीतरी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालं, "हे तं सातवीत झालंय." मी घड्याळाकडे बघून, अगदी खंत वाटल्यासारखा चेहरा करून म्हणालो, "वेळेअभावी पुढचा भाग..."

"वेळेची काळजी करू नका," प्राचार्य पहिल्या रांगेतून म्हणाले. "तुमचाच दिवस आहे. सावकाश होऊ द्या."

सर हसून माझ्याकडे बघत होते. मॅडमनी डोळे मिटले होते, विचार करत असल्यासारखे. मी पुढं गेलो. पहिला लेमा, दुसरा लेमा. सतरावी स्लाईड मी अशी पळवली की पडद्यावर ती आली होती याची शपथ कुणी घेऊ शकलं नसतं. अठरा, एकोणीस, वीस, सिद्ध झालं, आभार. टाळ्या. हॉल तिकिटाच्या आनंदानं का होईना, पण जोरदार.

"कुणाला काही शंका?" प्राचार्यांनी विचारलं.

कुणाला काही शंका नव्हती. मॅडमनी डोळे उघडून पर्स उघडली. सरांनी फॉर्म पुढं सरकवला आणि माईक चालू आहे हे न कळून त्यांच्याकडे वाकून म्हणाले, "माझा पहिलाच हाय हा." सगळ्या हॉलनं ऐकलं. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

इथं मी धीर करून उभा राहिलो, असं लिहायला मला फार आवडलं असतं. झालं ते असं की माझा घसा सुकला होता. दाराशी मामा पाण्याचा जग घेऊन उभे होते, आणि त्यांना दिसावं म्हणून मी हात वर केला. प्राचार्यांना अख्ख्या हॉलमध्ये वर झालेला हा एकच हात दिसला. प्रश्न येत नाही म्हणून ते बिचारे आधीच अवघडले होते. सवयीनं म्हणाले, "हां, विचारा."

पोरं हसली. वक्त्यानंच हात वर केलाय. मीही हसणार होतो. पाणी हवंय, एवढं म्हणायचं होतं. पण मॅडमचं पेन कागदाला टेकायला एक बोटभर अंतर होतं आणि सर असे बसले होते, दोन्ही हात मांडीवर, लग्नात अक्षता पडायची वाट बघणाऱ्या मुलीच्या बापासारखे. आणि मी म्हणालो, "सतराव्या स्लाईडवर वक्त्यानं प्रत्येक संचातून एकेक घटक घेतलाय. कोणता घेतला, ते सांगितलेलं नाही."

"बरोबर," प्राचार्य म्हणाले. "मग उत्तर द्या."

"उत्तर नाही, सर."

मॅडमनी पेन तसंच हातात धरून विचारलं, "सतरा कधी आली?"

"पळवली मी, मॅडम."

"माझाही डोळा लागला होता," त्या म्हणाल्या. "मागं घ्या."

मी मागं घेतली. त्यांनी ते एक वाक्य पाच वेळा वाचलं असेल. मग उठल्या, फळ्यापाशी गेल्या, खडू घेतला. "एक दाणा घेऊच नका. अख्खं पोतंच घ्या. मग निवडायला नको." मी पोत्यांचं उदाहरण दिलं होतं ते त्यांनी तरी ऐकलं होतं. मला एकदम आशा वाटली. आम्ही दोघं फळ्यावर लिहायला लागलो. चौथ्या लेमापर्यंत अख्खं पोतं चाललं, पाचव्यात एकच दाणा लागला. सर उठून आले. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "ओळीत लावून घे ना रे." मी म्हणालो, "ओळ कोणती, सर?" त्यांनीही खडू घेतला. आमच्या तिघांच्या पाठी हॉलकडे होत्या. वीसेक मिनिटं आम्ही खोडत होतो आणि लिहीत होतो, आणि हे सांगायला लाज वाटते, पण नऊ वर्षांत मला गणित करायला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पुढच्या बाकावरची एक मुलगी मध्येच म्हणाली, "मॅम, तिथं पण निवडलंच की." मॅडम थांबल्या, म्हणाल्या, "हो," आणि ती ओळ पुसली.

तेवढ्यात वीज गेली. सव्वाचार वाजले होते. मामांनी जनरेटर सुरू केला आणि त्या धडधडीत कुणाला कुणाचं ऐकू येईना. प्राचार्यांनी खुणेनं हॉल तिकिटं वाटायला सांगितलं. दोन मिनिटांत बाकं रिकामी झाली.

मॅडमनी खडूचा हात साडीला पुसला आणि पेनाला टोपण लावलं. माझ्या कानाजवळ येऊन मोठ्यानं म्हणाल्या, "दुरुस्त झालं तर कळवा. मी स्वतः येईन सही करायला. पण आज केली तर ती खोटी होईल." फॉर्म त्यांनी सरांना परत दिला, दोन्ही हातांनी, शाल परत द्यावी तसा.

मी सरांना एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेलो. बाकावर बसल्यावर बॅग मांडीवर घेऊन म्हणाले, "मी तीनदा वाचलं होतं ते प्रकरण."

"माहीत आहे, सर."

"समासात 'सुरेख' लिहिलं होतं. तिथंच. तिसऱ्या लेमालाच." मग परभणीची गाडी आली. चढताना वळून म्हणाले, "पाच दिवस हायेत अजून."

त्यातले चार दिवस सरांनी मला रोज सकाळी सहाला फोन केला. पहिल्या दिवशी त्यांना एक युक्ती सुचली होती. मी आठ वाजेपर्यंत तिच्यातलं भोक शोधलं. दुसऱ्या दिवशी मला सुचली होती, तिच्यातलं त्यांनी शोधलं. तिसऱ्या दिवशी त्यांची युक्ती मला पटली. मी उड्या मारायचा बाकी होतो. दुपारी मॅडमना कळवायला फोन हातात घेतला आणि नंबर लावता लावता दिसलं की ती मी बसमध्ये केलेलीच दुसऱ्या पत्रिकेवरची युक्ती आहे, फक्त कपडे बदलून आलेली. चौथ्या दिवशी दोघांनाही काही सुचलं नाही, तरी सहाला फोन आला आणि आम्ही हवामानावर बोललो.

निवृत्तीच्या दिवशी त्यांचा फोन दुपारी साडेचारला आला. मागं खुर्च्या सरकवल्याचे आवाज, निरोपाची भाषणं संपलेली.

"पाचपर्यंत मी गाईड हाय," सर म्हणाले. "काही हाय का?"

मी ओसरीवर बसलो होतो. समोर बायको गोणपाटाची गुंडाळी सोडत होती. मी गेल्यावर तिनं माझ्या चार ओळी काढून टाकल्या होत्या आणि डोळे मिटून मुठीतून येतील तसे शंभर दाणे पुन्हा मांडले होते. माझ्याकडे तीस मिनिटं होती आणि मला माहीत होतं की माझ्याकडे काहीही नाही.

"नाही, सर."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही ठेवला. तिकडे कुणीतरी त्यांना चहा घ्या म्हणत होतं. इकडे बायको कोंब मोजत होती, तोंडानं, एक एक ओळ. सहा. सात. पाच. सात.

"काय मोजायलेत?" सरांनी विचारलं.

"सोयाबीनची उगवण बघतोय."

"किती?"

"थांबा, मोजून होऊ द्या."

ते थांबले. तिनं दहावी ओळ मोजली, बोटांवर बेरीज केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकसष्ट. बी जास्त टाकावं लागंल औंदा."

"एकसष्ट, सर," मी फोनमध्ये म्हणालो.

"एकसष्ट," सर म्हणाले. मग पाच वाजले, आणि फोन दोघांच्याही कानालाच होता.